सुकाणूचं कडं तुटलं : वेल्डिंग करू की नवीन बसवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका क्लबने काढून टाकलेली जुनी फायबरची एंटरप्राइज, म्हणजे लहान शिडाची बोट, तुम्ही घेतलीत आणि ती मांडव्याला किनाऱ्यावर ठेवता. गेल्या रविवारी वारा वाढला, परत येताना सुकाणूचं खालचं कडं पट्टीपाशी तुटलं, वरच्या कड्याचे दोन स्क्रू लाकडाच्या भुग्यासकट उपटून आले आणि अख्खं सुकाणू तुमच्या हातात आलं. गावातला फॅब्रिकेटर म्हणतो, आर्गॉन वेल्डिंग मारून देतो, नव्यासारखं होईल. मित्र म्हणतात, नवीन मागवा. तुम्ही विचारताय, कोणाचं ऐकू?

मित्रांचं ऐका, नवीनच बसवा, तेही वरचं-खालचं दोन्ही. पण कडं तुटलं हा या दुखण्याचा लहान भाग आहे. मोठा भाग तुम्ही सहज लिहून गेलात : 'लाकडाच्या भुग्यासकट'. बोटीच्या मागच्या फळीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायचा तुकडा बसवलेला असतो. तो कुजला असेल तर जगातलं सर्वांत महाग कडं बसवूनही पुढच्या जोरदार वाऱ्यात तेच होणार. मी वीसेक वर्षं लहान शिडाच्या बोटी दुरुस्त करतोय. सुकाणूचं सामान तुटलं म्हणून आलेल्या बोटींपैकी निव्वळ धातूचा दोष होता अशा फार थोड्या. बहुतेकींमध्ये पाणी आधी फळीत शिरलं होतं, कडं हलायला लागलं होतं आणि हलता हलता ते तुटलं.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. क्लबात ज्याला पिंटल म्हणतात ती खुंटी आणि गजन म्हणतात ते कडं. खुंटी कड्याच्या भोकात बसते आणि सुकाणू तिच्यावर फिरतं. मी खुंटी आणि कडं असंच म्हणतो. तुमच्या वर्णनावरून दोन्ही कडी बोटीवर आहेत आणि दोन्ही खुंट्या सुकाणूवर. काही बोटींत खालची जोडी उलटी असते, पण पुढे सांगतोय त्यात त्याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी : फळी किती कुजली आहे आणि बोट तरंगती ठेवणाऱ्या मागच्या बंद टाकीच्या आतून तिथपर्यंत तुमचा हात पोचतो की नाही. या दोन गोष्टी इथे बसून मला दिसत नाहीत, म्हणून काही ठिकाणी 'असं असेल तर' म्हणावं लागेल.

पहिलं काम म्हणजे तुटलेला तुकडा टाकून देऊ नका. तो गोड्या पाण्याने धुवा, उन्हात धरा आणि तुटलेलं तोंड नीट बघा, शक्य असेल तर भिंगाखाली. तोंडाचा बराचसा भाग तपकिरी, मळकट असेल, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वळणदार रेघा असतील आणि एका कडेला थोडासाच भाग चकचकीत, दाणेदार असेल, तर ते कडं रविवारी तुटलेलं नाही. कित्येक महिने ते थोडं थोडं चिरत होतं आणि रविवारी उरलेला चकचकीत तुकडा तेवढा तुटला. सगळंच तोंड चकचकीत आणि पट्टी वाकलेली असेल, तर मात्र एकदाच मोठा दणका बसलाय, म्हणजे ओहोटीला सुकाणूचं पातं तळाला लागलं असणार. मग पट्टी उलटी करा. फळीला टेकणाऱ्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि काळपट डाग दिसले, तर तिसरं कारणही सोबत आहे.

हे तिसरं कारण समजून घ्या, कारण ते दिसत नाही. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. हा थर टिकायला प्राणवायू लागतो. उघड्यावर, लाटांच्या शिंतोड्यात तो मिळत राहतो. पट्टीच्या मागे, ओल्या प्लायला चिकटून साचलेल्या खाऱ्या पाण्यातला प्राणवायू संपतो, थर तुटतो आणि तिथे धातू आतून पोखरायला लागतो. म्हणून बाहेरून आरशासारखं चमकणारं कडं मागून खड्ड्याखड्ड्यांचं निघतं. स्क्रूचंही तेच. डोकं चकचकीत आणि लाकडातला भाग पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक झालेला, असे स्क्रू मी कित्येकदा काढलेत.

आता खालचंच कडं का तुटलं, ते हिशोबाने बघू. पात्याचा पाण्यातला भाग अंदाजे २५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब धरा. बोट ६ नॉट्सने, म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर वेगाने धावते आहे आणि तुम्ही टिलर, म्हणजे सुकाणू वळवायचा दांडा, जोरात ओढलात. पाणी त्या पात्याला आडवं ७० किलोच्या आसपास रेटतं. म्हणजे एक मोठा माणूस पात्यावर उभा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३ नॉट्सला तोच जोर जेमतेम १७-१८ किलो असतो. मंद वाऱ्यात सहा महिने काही झालं नाही म्हणून सामान चांगलं आहे, असं त्यामुळेच म्हणता येत नाही.

त्यात हा जोर कड्यांवर सरळ येत नाही, तरफेने येतो. जोराचा मध्य खालच्या कड्याच्या ४५ सेंटिमीटर खाली आहे आणि दोन कड्यांत २५ सेंटिमीटर अंतर आहे असं धरलं, तर खालच्या कड्यावर १९६ किलो येतात आणि वरच्यावर उलट्या दिशेने १२६ किलो. पात्यावर ७० आणि कड्यावर जवळजवळ दोनशे! खालचं कडं तुटायला आणि वरचं उपटायला आणखी काय हवं? आता वरचं कडं १० सेंटिमीटर वर सरकवलं, अंतर ३५ केलं, तर तेच आकडे १६० आणि ९० होतात. धातू जाड न करता, निव्वळ अंतर वाढवून वरच्या कड्यावरचा भार एवढा उतरतो. तुमच्या ट्रान्समवर वर जागा असेल आणि सुकाणूच्या डोक्याची, म्हणजे पात्याच्या वरच्या भागाची, उंची पुरत असेल, तर नवीन बसवतानाच हा विचार करा. शर्यतीत उतरणार असाल तर एंटरप्राइज जातीच्या बोटींचे नियम आधी बघून घ्या.

वेल्डिंगकडे वळू. फॅब्रिकेटरचा हात चांगला असेल यात मला शंका नाही, अडचण धातूची आहे. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसला स्टेनलेसमधलं क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि कणांच्या सीमेवर ते कमी पडतं. वेल्डच्या दोन्ही बाजूंना अशी एक अशक्त पट्टी तयार होते. खाऱ्या पाण्यात तीच आधी जाते. शिवाय एक चीर उघड दिसली त्या पट्टीत आणखी बारीक चिरा असू शकतात, त्या वेल्डरला दिसत नाहीत. आणि उष्णतेने कडं किंचित पिळतं, भोक सरळ रेषेतून सरकतं. याने काय होतं ते पुढे सांगतो. नवीन कडं बनवून घेताना वेल्डिंग चालेल. तेव्हा ३१६ एल मागायचं, ज्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नसतो, आणि वेल्डवर आलेला निळा-तपकिरी रंग पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढून घ्यायचा. हा रंग तसाच राहिला तर गंज तिथूनच सुरू होतो.

धातूच्या बाबतीत आपल्याकडे एक मोठी फसगत होते. माणसं चुंबक घेऊन जातात आणि चिकटलं नाही की खूश होतात. जिने-रेलिंगच्या कामात सर्रास २०२ आणि ३०४ वापरतात आणि त्यांनाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३१६ वाकवून काम केलेलं असेल तर त्याला थोडंसं चिकटू शकतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्षाराला तेच तोंड देतं. ते ओळखायला थेंब टाकून बघायचं किट मिळतं, किंवा विश्वासाच्या व्यापाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेटसकट माल घ्यायचा. मुंबईत असाल तर कुंभारवाडा-खेतवाडी भागात स्टेनलेसचे बरेच व्यापारी आहेत, छोटा तुकडाही मिळतो. बोल्ट-वॉशरसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथेही तोंडाने '३१६' म्हणून मागा आणि बोल्टच्या डोक्यावर ए४ छापलंय का ते बघा. ए२ असेल तर ते ३०४ च्या कुळातलं.

कुणी पितळेचं ओतून देतो म्हणाला तर नको म्हणा. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, मागे गुलाबी, ठिसूळ तांबं राहतं आणि ते हातोडीच्या एका टोल्याने फुटतं. गनमेटल चालेल, त्यात तांब्यासोबत कथील असतं. पण पातळ, हलक्या फिटिंगसाठी डिंगीवर, म्हणजे अशा लहान बोटीवर, मी स्टेनलेसच पसंत करतो.

तयार घ्यावं की बनवून घ्यावं? सी शुअर किंवा रॉनस्टन यांची तयार जोडी मिळत असेल आणि थांबायची तयारी असेल, तर तयार घ्या. फक्त मागवण्याआधी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावा. एंटरप्राइज १९५६ साली जॅक होल्ट यांनी इंग्लंडमध्ये आखली, तेव्हा सगळा व्यवहार इंचांत चालायचा. जुन्या सुकाणूवरची खुंटी तीन अष्टमांश इंचाची, म्हणजे ९.५ मिलिमीटरची असू शकते. डोळ्याला ती १० ची वाटते. १० ची खुंटी ९.५ च्या कड्यात जाणार नाही, आणि ९.५ ची खुंटी १० च्या कड्यात खडखडत राहील. ही अर्ध्या मिलिमीटरची खडखड म्हणजे दर लाटेला एक हातोडा. खुंटी दोन ठिकाणी मोजा : मुळाशी, जिथे घासत नाही तिथे, आणि मध्ये, जिथे ती कड्यात फिरते तिथे. दोन मापांत पाव मिलिमीटरहून जास्त फरक निघाला तर खुंट्याही बदला. नव्या कड्यात जुनी झिजलेली खुंटी घालण्यात काही अर्थ नाही.

बनवून घेणार असाल तर टर्नरला एवढंच सांगा की खालची खुंटी वरच्यापेक्षा २० ते २५ मिलिमीटर लांब ठेव. हलत्या बोटीत, कंबरभर पाण्यात उभं राहून सुकाणू लावताना आधी खालची खुंटी कड्यात जाते, मग वरची नेमकी बसवता येते. दोन्ही सारख्या लांबीच्या असल्या तर दोन्ही भोकं एकाच वेळी साधावी लागतात. कड्यात प्लास्टिकची बुश, म्हणजे खुंटीभोवतीची नळी, असेल तर ती ॲसिटलची, ज्याला बाजारात डेलरिन म्हणतात, तिची घ्या. नायलॉन पाणी पिऊन फुगतो आणि टिलर जड होतं.

आता फळी. घाई न करता करायचं काम हेच.

उरलेले स्क्रू काढा, कडी उतरवा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ट्रान्समवर टिचक्या मारत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आवाजावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, म्हणून आतल्या बाजूने ३ मिलिमीटरच्या ड्रिलने दर ५ सेंटिमीटरवर एकेक भोक पाडा, बाहेरचा थर न फोडता. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करून घ्या. प्रत्येक भोकातून निघालेला भुसा कागदावर ओळीने ठेवा. फिकट, कोरडी, कुरकुरीत वळी आली की तिथलं लाकूड चांगलं. काळपट, बोटाला चिकटणारा लगदा आला आणि त्याला खाडीच्या चिखलासारखा वास असला की ते गेलं. या भोकांवरून ट्रान्समवर पेन्सिलीने कुजलेल्या भागाची सीमा आखता येते. टाकीत हात जात नसेल तर हात शिरेल एवढं गोल तपासणी-झाकण बसवून घ्या. ते पुढे कायम उपयोगी पडतं.

कूज फक्त स्क्रूच्या भोकांभोवती बोटभर असेल तर नशीब चांगलं. आधी आतलं मीठ गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि लाकूड वाळू देत नाही. मग झाकण उघडं ठेवून बोटीची पाठ उन्हाकडे करा आणि दोन-तीन आठवडे वाळू द्या. ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२ चं भोक पाडा, मऊ लाकूड टोकदार हत्याराने खरवडून काढा, आत पातळ इपॉक्सी (हार्डनर घालून घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य) ब्रशने पाजा आणि ते चिकट असतानाच सिलिका मिसळून लोण्यासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी ठासून भरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या बरोबर मध्ये बोल्टचं भोक पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीतून जातो. वरचं सील पुढे कधी गेलं तरी पाणी प्लायपर्यंत पोचत नाही.

कूज तळहाताएवढी किंवा मोठी असेल तर भोकं भरून भागणार नाही. आतला फायबरचा थर कापून काढा, कुजलेला प्लाय चांगलं लाकूड लागेपर्यंत काढा आणि आयएस ७१० मार्क असलेला मरीन प्लाय इपॉक्सीत बसवून वर काचकापडाचे थर द्या. कडा तिरक्या घासून घ्या, म्हणजे नवा थर जुन्यावर पुरेसा चढतो. हे काम दोन दिवसांत होत नाही, आणि पहिल्यांदाच करत असाल तर एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्या. एम-सील किंवा रंगाऱ्याची लांबी (पुट्टी) भरून त्यात पुन्हा तेच स्क्रू पिळणं, हे मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नका. एम-सील नळाच्या गळतीला उत्तम, पण दोनशे किलोचा हिसका दर काही सेकंदांनी सोसणं हे तिचं काम नाही.

वेळेचाही विचार करा. इपॉक्सीला आपला पावसाळा मानवत नाही. दमट हवेत त्याच्यावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो आणि त्यावर दिलेला पुढचा थर नीट धरत नाही. तो पापुद्रा पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून मगच पुढे जायचं. मे महिन्यात अडचण वेगळीच : वाटीभर इपॉक्सी एकदम कालवलं तर ते वाटीतच तापून धूर काढतं. स्लो हार्डनर घ्या, थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. जूनआधी वाळवणं आणि भरणं जमत नसेल तर सरळ पावसाळ्यानंतर करा. नाहीतरी नारळी पौर्णिमेपर्यंत तुम्ही ती बोट पाण्यात काढणार नाही.

यापुढची गोष्ट बहुतेक लोक गाळतात आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन्ही कड्यांची भोकं एकाच सरळ रेषेत यायला हवीत. माझ्याकडे एक बोट तीन हंगामांत तीनदा आली, दर वेळी खालची खुंटी वाकलेली. पहिल्यांदा मी खुंटी बदलली, दुसऱ्यांदा जाड खुंटी बसवली. तिसऱ्यांदा मी दोन्ही कड्यांतून एक सरळ सळई घालून बघितली, आणि ती वरच्या कड्यात शिरेचना. वरचं कडं ४ मिलिमीटर डावीकडे होतं. तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी सुकाणू वळवताना खुंटी वाकत होती आणि सरळ होत होती, तार हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो तशी. मालकाला दोन वेळा चुकीचं उत्तर दिलं याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून भोक पाडण्याआधी सळई, हा माझा नियम आहे.

खुंटीच्याच जाडीची, हातभर लांब, सरळ सळई घ्या. काचेच्या टेबलावर लोळवून ती सरळ आहे याची खात्री करा. ट्रान्समची मधली रेघ वरून खालपर्यंत आखा. खालचं कडं त्या रेघेवर आधी एकाच बोल्टने हलकं बसवा, सळई त्यातून उभी करा, वरचं कडं सळईत ओवा आणि ते फळीला कसं टेकतं ते बघा. जुन्या फायबरची फळी क्वचितच सपाट असते. कड्याच्या एका कडेखाली फट राहिली तर बोल्ट आवळून ती दाबू नका, कारण मग कडं पिळलं जातं. त्या फटीत घट्ट इपॉक्सीची गादी भरा. कड्याच्या पाठीला पॅकिंगचा टेप लावा, म्हणजे इपॉक्सी त्याला चिकटत नाही आणि गादी कड्याच्या अचूक आकाराची बनते. सगळं वाळल्यावर सळई दोन बोटांनी फिरली पाहिजे आणि वर उचलून सोडली तर स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडखळली तर अजून जमलेलं नाही.

बसवताना स्क्रू नको, आरपार बोल्ट हवेत : एम६, ३१६ चे, आतून नायलॉक नट. आतल्या बाजूला नुसते वॉशर पुरत नाहीत. ३-४ मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची किंवा जाड फायबरची पट्टी दोन्ही बोल्टना मिळून द्या, म्हणजे भार फळीवर पसरतो. बाहेरच्या भोकांची तोंडं मोठ्या ड्रिलने किंचित पसरट करा. त्यात सीलंट रिंगसारखं बसतं आणि पाणी खरं तिथेच अडतं. सीलंट सिकाफ्लेक्स २९१ सारखं घ्या. ३एम ५२०० या कामाला घेऊ नका. ते इतकं घट्ट धरतं की पुढे कडं काढताना जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा चकचकीत थर, सोबत येतो. स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आट्यांना थोडं अँटी-सीझ लावा आणि ड्रिल-मशिनने न आवळता हातपान्याने सावकाश आवळा, नाहीतर नट मध्येच जाम होतो आणि बोल्ट कापावा लागतो. सुकाणूचं डोकं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असेल, तर तिथे स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या मध्ये ड्युरॅलॅकसारखी पेस्ट हवीच. नाहीतर ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं.

सुकाणू वर उचललं जाऊ नये म्हणून ट्रान्समवर स्प्रिंगची पट्टी असते, ती जागेवर आहे का बघा. बोट उलटली की हिच्यावाचून सुकाणू निसटून जाऊ शकतं. मी तिच्यावर विसंबत नाही, सोबत एक बारीक दोरी बांधतो.

मांडव्याच्या किनाऱ्यावर हे सगळं पुन्हा का तुटेल, तेही सांगायला हवं. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती-ओहोटीत ४ मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी जिथे खोल पाणी होतं तिथे दुपारी वाळू असते. पातं खाली धरून ठेवणारी दोरी तुम्ही पक्की गाठ मारून बांधत असाल, तर तळाला लागल्यावर पातं वर उचललं जात नाही आणि सगळा दणका खालच्या कड्यावर बसतो. जोर आला की आपोआप सुटणारी क्लीट, म्हणजे दोरी अडकवायची खोबण, लावा, किंवा त्या दोरीत थोडा इलॅस्टिकचा तुकडा घाला. मात्र पातं अर्धवट वर राहिलंय का हेही अधूनमधून बघा. तिरकं, मागे गेलेलं पातं टिलर फार जड करतं, आणि मग माणूस आणखी जोराने ओढतो. टिलर जड लागतंय म्हणजे बहुतेक वेळा शीड जास्त झालंय. मेन, म्हणजे मोठं शीड, सैल सोडा, बोट सपाट करा, हात हलका होतो आणि कड्यावरचा भारही.

समुद्रात पुन्हा सुकाणू हातात आलंच, तर ते आधी बोटीत घ्या. जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, ओढून मेन सोडली की बोट वाऱ्यापासून दूर वळते, जिब सोडून मेन ओढली की वाऱ्याकडे. मागे वल्हं धरून बाकीचं साधतं. शांत दिवशी, किनाऱ्याजवळ एकदा पातं वर उचलून याचा सराव करून ठेवा. कुणी टो करत असेल तर त्याला हळू न्यायला सांगा, कारण वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर साधारण चौपट होतो.

कामाचा क्रम असा ठेवा : आधी तुटलेलं तोंड बघा, मग फळीची परीक्षा, मग माप घेऊन सामानाची ऑर्डर. सामान येईपर्यंत फळी वाळेल. त्यानंतर भरणं, सळई आणि शेवटी बोल्ट. या आठवड्यात फक्त ३ मिलिमीटरची भोकं पाडून बघा आणि कुठल्या भोकातून कसा भुसा निघाला ते कळवा, कागदावर ओळीने ठेवलेल्याचा फोटो असला तर उत्तम. नुसती भोकं भरून भागेल की आतून फळी उघडावी लागेल, हे त्यावरून सांगता येईल.